पत्रा चेपतो म्हणून माणूस वाचतो

नगर-मनमाड रस्त्यावर विळद घाटाच्या अलीकडे-पलीकडे क्रेनने ओढून आणलेली एखादी अपघातग्रस्त मोटार उभी दिसली, की तिच्याभोवती चार माणसे जमतातच. बॉनेट चुरगळून निम्म्यावर आलेले असते, दिवे गायब, समोरच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. पाहणाऱ्यांचा निकाल ठरलेला असतो. "नुसता पत्रा आहे हो! जुनी फियाट असती तर एवढं काही झालं नसतं." मग कुणीतरी आपल्या काकांच्या अँबॅसॅडरची गोष्ट सांगतो. ती बाभळीवर आदळली, पण बंपर वाकण्यापलीकडे तिला काही झाले नाही, बाभूळ मात्र आडवी झाली.

गोष्ट खरी असेलही. पण ती ऐकताना काकांचे काय झाले, हे कुणी विचारत नाही.

रुग्णालयाच्या अपघात विभागात हिशेब नेमका उलटा असतो. तिथे गाडी येत नाही, माणूस येतो. गाडीचा पुढचा भाग पार गेलेला आणि चालक मात्र स्वतःच्या पायांनी चालत आत आलेला, असे दृश्य आता नवे राहिलेले नाही. उलट गाडीला फारसे काही झालेले नाही, पण आतल्या माणसाचा रक्तदाब झपाट्याने खाली चालला आहे, असा रुग्ण पाहिला की अनुभवी डॉक्टरच्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकते. जोर पत्र्याने घेतला नाही, तर तो कुणी घेतला?

जुनी 'दणकट' गाडी आणि आजची 'पत्र्याची' कौटुंबिक सेडान यांची तुलना करायची, तर या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते. आणि जुन्या गाड्यांत सर्वांत देखणी आणि सर्वांत निर्दय म्हणजे स्पोर्ट्स कार.

या तुलनेचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण ३० सप्टेंबर १९५५ चे आहे. हॉलीवूडचा तरुण नट जेम्स डीन आपली नवी पोर्शे ५५० स्पायडर घेऊन कॅलिफोर्नियातल्या शर्यतीला निघाला होता. ॲल्युमिनियमची बॉडी, छप्पर नाही, इंजिन मागे, वजन जेमतेम साडेपाचशे-सहाशे किलो. चोलेम गावाजवळच्या एका चौकात समोरून आलेली फोर्ड सेडान डावीकडे वळली आणि दोन्ही गाड्या आदळल्या. फोर्ड ही साधी घरगुती गाडी, पण वजनाला पोर्शेच्या दुपटीहून जास्त. डीनची मान मोडली आणि तो गेला. वय अवघे २४. त्याच्या शेजारी बसलेला मेकॅनिक बाहेर फेकला गेला, त्याची हाडे मोडली, पण तो वाचला. फोर्डच्या चालकाला किरकोळ खरचटण्यावर निभावले.

यात नशिबाचा भाग किती आणि पदार्थविज्ञानाचा किती? पदार्थविज्ञानाचा भाग मोजता येतो. सहाशे किलोची गाडी आणि चौदाशे किलोची गाडी समोरासमोर आदळल्या आणि दोघींचा मिळून वेग ताशी १०० किलोमीटर होता असे समजा. आदळताच हलक्या गाडीच्या वेगात एका क्षणात ७० किलोमीटरचा फरक पडतो, जड गाडीच्या वेगात ३० चा. धडक एकच, पण हलक्या गाडीतल्या माणसाच्या वाट्याला दुपटीहून जास्त हिसका येतो. त्यात स्पोर्ट्स कार जमिनीलगत बसलेली. सेडानचा बंपर तिच्या दाराशी येतो तेव्हा तो आत बसलेल्याच्या छातीच्या किंवा खांद्याच्या उंचीवर असतो.

म्हणजे सगळा खेळ वजनाचाच, असा निष्कर्ष कुणी काढेल. 'म्हणूनच जुन्या जड गाड्या बऱ्या' हेही लगेच ओठांवर येईल. पण आकडे तसे सांगत नाहीत. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास भरत असे आणि आजची डिझायरही नऊशेच्या थोडी वरच भरते. वजनात फारसा फरक नाही. फरक आहे तो धडकेचा जोर कुठे जिरवायचा, या विचारात.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये, आपल्या पन्नासाव्या वर्षी केलेली चाचणी पाहावी. त्यांनी १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मॅलिबू ही कौटुंबिक सेडान एकमेकींवर ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवली. दोन्ही गाड्या वजनाला जवळपास सारख्या. बेल एअर म्हणजे लांबलचक, चकाकत्या क्रोमची, पाहताच 'काय लोखंड आहे' असे वाटावे अशी. प्रत्यक्षात तिची बसण्याची जागाच कोसळली. दार, छताचा खांब, डॅशबोर्ड आणि स्टीअरिंग सगळे चालकाच्या अंगावर आले. त्या जागी खरा माणूस असता तर जागीच मेला असता. मॅलिबूचे नाक पूर्ण चेपले, पण चालकाभोवतीचा पिंजरा जसाच्या तसा राहिला. त्या चालकाला झालीच असती तर पायाला किरकोळ इजा.

ताशी ६४ किलोमीटर म्हणजे काय, याचा अंदाज आपल्याला नसतो, कारण नगर-पुणे रस्त्यावर तो वेग रेंगाळल्यासारखा वाटतो. शरीराच्या भाषेत सांगायचे तर या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे पाचव्या मजल्यावरून खाली पडणे. ताशी १०० ला तो तेरावा मजला होतो. कोपरगाव-शिर्डीच्या बाजूने समृद्धी महामार्गावर चढून १२० चा काटा गाठला, की अठराव्या मजल्याच्या कठड्यावर उभे राहिल्यासारखे आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, त्यामुळे मजले असे भराभर वाढतात.

आता पडणारा माणूस कशावर पडतो, हे महत्त्वाचे. फरशीवर पडला तर संपला. गवताच्या गंजीवर पडला तर कदाचित उठून चालू लागेल. उंची तीच, वेग तोच, फक्त थांबायला मिळालेले अंतर वेगळे. नव्या गाडीचे नाक ही ती गंजी आहे. ते ठरवून, मोजून मापून चेपण्यासाठीच बनवलेले असते. चेपताना समजा साठ सेंटिमीटर अंतर मिळाले आणि माणूस पट्ट्याने गाडीला बांधलेला असला, तर त्याच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २७ पट ताण येतो. भयंकर आहे, पण शरीर तो सोसू शकते. अमेरिकी हवाईदलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी डिसेंबर १९५४ मध्ये रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत स्वतःला घट्ट बांधून घेतले आणि हजार किलोमीटरच्या वेगावरून दीड सेकंदाच्या आत थांबून ४६ पट ताण सोसून दाखवला. त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले, पण ते वाचले आणि पुढे म्हातारपणापर्यंत जगले.

पट्टा नसेल तर गणित पार बदलते. गाडी थांबते, पण माणूस पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि थांबलेल्या डॅशबोर्डवर आदळतो. तिथे त्याला थांबायला मिळतात फार तर दहा सेंटिमीटर. ताण जातो १६० पटींच्या घरात. गाडी सन १९६० ची असो वा यंदाची, इथे दोघींत फरक उरत नाही.

वैद्यकशास्त्र अपघातात एक नाही, तीन धडका मोजते. पहिली धडक गाडीची. दुसरी, आतल्या माणसाची गाडीच्या आतील भागावर. आणि तिसरी त्या माणसाच्या शरीराच्या आत, अवयवांची हाडांवर. ही तिसरी बाहेरून दिसत नाही आणि म्हणूनच घात करते. शरीर थांबते, पण आतला मेंदू कवटीत पुढे सरकून आपटतो. हृदयातून निघणारी महाधमनी जिथे कमानीसारखी वळून पाठीच्या कण्याकडे जाते, तिथे तिचा एक भाग मोकळा आणि पुढचा भाग मागे घट्ट चिकटलेला असतो. जोराचा हिसका बसला की नेमकी त्या सांध्यावर ती फाटते. असे बहुतेक रुग्ण रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. यकृत आणि प्लीहा हे रक्ताने भरलेले, मऊ अवयव. ते फाटले तर पोटात दोन-दोन लिटर रक्त साठते आणि वरून पोटावर ओरखडाही नसतो.

जुन्या गाड्यांमधल्या इजा त्यांच्या रचनेप्रमाणे ठरलेल्या असत. स्टीअरिंगचा दांडा सरळ आणि एकसंध. पुढचा भाग मागे ढकलला गेला, की तो भाल्यासारखा चालकाच्या छातीवर येई. बरगड्या एका ओळीत दोन-दोन ठिकाणी मोडत आणि छातीचा तो तुकडा श्वासाबरोबर उलटा हलू लागे. माणूस श्वास आत घेई तेव्हा तो तुकडा आत खचे. डॅशबोर्ड धातूचा, त्यावर बाहेर आलेल्या मुठी आणि बटणे. गुडघा आपटला की मांडीचे हाड मागे ढकलले जाई आणि खुब्याचा सांधा निखळे. धडकेत दारांचे खटके उघडत आणि माणूस रस्त्यावर फेकला जाई. 'बाहेर फेकला गेला म्हणून वाचला' असे आजही म्हटले जाते. डीनचा साथीदार तसा वाचला, हेही खरे. पण असे वाचणारे लोकांच्या लक्षात राहतात आणि न वाचणारे आकड्यात जातात. गाडीतून बाहेर पडलेल्या माणसाचा मृत्यू होण्याचा धोका आत राहिलेल्यापेक्षा कितीतरी अधिक असतो.

हे सगळे बदलले ते काही मोजक्या डोक्यांमुळे. मर्सिडीजमधले अभियंते बेला बारेनी यांनी १९५१ च्या पेटंटमध्ये गाडीचे तीन भाग कल्पिले. मधला बसण्याचा भाग कडक, पुढचा आणि मागचा मऊ. आधीच्या अभियंत्यांची सगळी हयात गाडी मजबूत करण्यात गेलेली, त्यामुळे 'मुद्दाम चेपणारी गाडी' ही कल्पना त्यांना कशी वाटली असेल हे सहज ताडता येते. १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष गाडीत उतरली. त्याच वर्षी स्वीडनच्या व्होल्वोमधले निल्स बोलिन यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा आणला. बोलिन आधी लढाऊ विमानांच्या बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत, त्यामुळे हिसका शरीराला काय करतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. व्होल्वोने ते पेटंट सर्वांना खुले केले. आज नगरच्या रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक मोटारीतला पट्टा त्याच आराखड्याचा आहे.

नुसते जाड लोखंड माणसाला वाचवत नाही, याचा पुरावा नगर शहरातच आहे, जरा वेगळ्या रूपात. इथल्या रणगाडा संग्रहालयात एक जुनी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट उभी आहे. त्या काळची जगातली नामांकित मोटार, पण चिलखत चढवलेली. तिच्या शेजारी देशोदेशीचे रणगाडे. सहलीला आलेली मुले त्यांच्या जाड पोलादावर हात मारून पाहतात. पण या पोलादाच्या आत बसणाऱ्या सैनिकाला डोक्यावर गादीदार शिरस्त्राण घालावेच लागते. गोळी पोलाद अडवते, पण हिसका अडवत नाही. आत डोके आपटले तर ते पोलादावरच आपटते.

अशाच चिलखती रोल्स-रॉइस गाड्या पहिल्या महायुद्धात अरबस्तानच्या वाळवंटात टी. ई. लॉरेन्स यांनी वापरल्या होत्या. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जग ओळखते ते हेच. युद्धातून ते सहीसलामत परतले आणि मे १९३५ मध्ये इंग्लंडात मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या इजेने गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूने अस्वस्थ होऊन त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास हाती घेतला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. आजचे हेल्मेट त्या अभ्यासाचे ऋणी आहे. हेल्मेटमध्येही युक्ती तीच: बाहेरचे कवच नव्हे, तर आतला चेपणारा थर्मोकोलसारखा थर मेंदूला वाचवतो. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकून द्यायचे, ते याचसाठी.

नगरचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे आणि तो बऱ्याच नगरकरांच्या गावी नसतो. दौंड रस्त्यावरच्या वाहननगरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे 'व्हीआरडीई' आहे. तिचे मूळ रावळपिंडीजवळच्या चकलाला इथले. फाळणीच्या वेळी, १९४७ मध्ये ती नगरला आली. लष्करी वाहने हे तिचे मुख्य काम असले, तरी केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली नागरी वाहनांच्या चाचण्या करण्याचा अधिकार असलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक आहे.

आपल्या देशात मात्र धडकेच्या चाचणीकडे लक्ष जायला २०१४ उजाडले. त्या वर्षी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ६४ च्या वेगाने आदळवल्या. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यातली एक गाडी एअरबॅगसह पुन्हा तपासली, तेव्हा तिला चार तारे मिळाले, कारण तिचा सांगाडा मुळात भक्कम होता. काहींचा सांगाडाच इतका डळमळीत होता, की एअरबॅग बसवूनही उपयोग नव्हता. म्हणजे 'आताच्या गाड्या पत्र्याच्या' ही तक्रार त्या काळापुरती अगदीच खोटी नव्हती, हे कबूल केले पाहिजे. त्यानंतर नियम बदलले. समोरून आणि बाजूने धडकेची चाचणी सक्तीची झाली, २०१९ पर्यंत एबीएस ब्रेक आणि चालकाची एअरबॅग आली, मग शेजारच्याची. ऑगस्ट २०२३ मध्ये भारताची स्वतःची 'भारत एनकॅप' ही तारांकन योजना जाहीर झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. लग्नाच्या वरातीपासून शिर्डीच्या टॅक्सीपर्यंत दिसणारी ही सेडान आहे, त्यामुळे ही बातमी कुठल्याही नव्या औषधाच्या बातमीइतकी महत्त्वाची होती. फक्त ती आरोग्याच्या पानावर आली नाही.

पण पाच ताऱ्यांवर विसंबून चालत नाही आणि त्याचे कारण नगर जिल्ह्यात दिवाळीनंतर रोज रात्री दिसते. गळीत हंगाम सुरू झाला, की राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, संगमनेर, कोपरगाव अशा सगळ्या पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. चाचणीत गाडी तिच्या नाकाच्या उंचीवरच्या अडथळ्यावर आदळते. ट्रॉलीचा मागचा कठडा त्याहून उंच असतो. सेडानचे नाक त्याच्या खाली शिरते, चेपणारा भाग कशाला टेकतच नाही आणि ट्रॉलीची कडा थेट काचेतून पुढच्या दोघांच्या तोंडावर-मानेवर येते. बॉनेट जवळजवळ शाबूत आणि छप्पर उडालेले, असे या अपघाताचे रूप असते. बारेनींची युक्ती इथे लागू पडत नाही आणि एअरबॅगही फारशी कामी येत नाही. जुनी स्पोर्ट्स कार तर उंचीला इतकी बुटकी, की तिचे काय होईल ते न बोललेलेच बरे. यावर उपाय गाडीच्या कारखान्यात नाही, साखर कारखान्याच्या गेटवर आहे. दर हंगामाला रिफ्लेक्टर बसवल्याखेरीज ट्रॉली काट्यावर घ्यायची नाही, एवढे पाळले तरी काही घरे उघडी पडणार नाहीत.

दुसरी चूक गाडीमालक स्वतः करतात. नव्या गाडीला पुढे लोखंडी बुलगार्ड बसवून घ्यायचा. हौस म्हणून किंवा 'गाय-म्हैस आडवी आली तर' म्हणून. बुलगार्ड थेट सांगाड्याच्या तुळयांना जोडलेला असतो. धडकेत नाक ठरल्याप्रमाणे चेपत नाही आणि एअरबॅगला केव्हा उघडायचे याचा अंदाज चुकू शकतो. लाखो रुपये देऊन घेतलेली नवी गाडी काही हजारांत पुन्हा १९५५ ची करून घेण्यासारखे हे आहे. केंद्राने २०१७ च्या अखेरीस त्यावर बंदी घातली, तरी ते बसवलेल्या गाड्या दिसतातच. पट्टा न लावता त्याचा आवाज बंद करणारी खोटी क्लिप हा असाच दुसरा प्रकार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकायला लावली. पट्टा न लावलेल्या माणसासाठी एअरबॅग ही गादी राहत नाही. ती डोळ्याचे पाते लवायच्या आत फुगते आणि पुढे झेपावलेल्या चेहऱ्याला ठोसा मारते.

आणि मागची सीट. 'मागे बसणाऱ्याला कशाला पट्टा' हा समज सुशिक्षित घरांतही घट्ट आहे. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला बाजूने दुसरी गाडी धडकली. ते सेडानमध्ये मागे बसले होते. बाहेरून पाहता गाडीचा चुराडा झालेला नव्हता. शवविच्छेदनात यकृताची आणि मानेच्या मणक्यांची इजा आढळली. म्हणजे वर सांगितलेली तिसरी धडक. शेजारच्या बीड जिल्ह्याइतकाच नगर जिल्हाही त्या दिवशी हळहळला. त्यानंतर तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्ष वर्धन मागच्या पट्ट्याविषयी जाहीरपणे बोलले. काही दिवस चर्चा झाली आणि विरली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरमध्ये सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची महागडी, सर्व सोयींनी युक्त गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. पट्टा न लावता मागे बसलेले दोघे गेले. मागच्याने पट्टा लावलेला नसेल, तर तो स्वतः तर जातोच, शिवाय सगळ्या वजनानिशी पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो.

लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणाऱ्या आईला हे सांगावेच लागते. दहा किलोचे बाळ २७ पट ताणात पावणेतीनशे किलोचे होते. जगातल्या कुठल्याही आईच्या हातांत ते धरून ठेवण्याची ताकद नाही. बाळासाठी मागच्या सीटवर वेगळी खुर्ची हवी, एक-दोन वर्षांपर्यंत तोंड मागे करून. गरोदर बाईने पट्टा टाळू नये. खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडावर आणि वरचा स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने जायला हवा.

राहिली स्पोर्ट्स कार. तिची बाजू अगदीच लंगडी नाही. हलकी, जमिनीलगतची गाडी वळणावर सेडानपेक्षा चांगली चिकटून राहते, चालकाच्या हाताला चटकन ऐकते, म्हणजे काही अपघात ती होऊच देत नाही. फक्त हा फायदा हातात स्टीअरिंग असलेल्या कसबी माणसाचा आहे, शेजारी बसलेल्या बायकोचा किंवा समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या दुचाकीस्वाराचा नाही. आपल्याकडेही असे स्वप्न कुणी पाहिले नाही असे नाही. १९९८ च्या सुमारास गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनी उघडी गाडी बनू लागली होती. इंजिन रेनॉचे, बॉडी फायबरची. ती फार खपली नाही, पण ज्यांच्याकडे आहे ते जिवापाड जपतात आणि त्यांनी जपावी. देखण्या यंत्रावर प्रेम करणे हा काही आजार नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळी नोंदणी सुरू केली. अशा गाडीने रोजची ये-जा करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यायची. हा नियम वाहतूक खात्याचा असला तरी डॉक्टरने लिहावा तसा आहे. ज्यांच्या गाड्या त्याहून तरुण पण पट्टा-एअरबॅगच्या आधीच्या आहेत, त्यांनीही रविवारची सकाळ, मोकळा रस्ता आणि कमी वेग एवढ्यावर समाधान मानावे. मिळत असेल तर चांगल्या कारागिराकडून सांगाड्याला पक्का बसवलेला पट्टा लावून घ्यावा. मुलांना शाळेत सोडायला आणि रात्री संगमनेरहून नगरला यायला घरातली ती कंटाळवाणी सेडानच काढावी.

अपघात झालाच, तर १०८ वर फोन करावा. गाडी पेटलेली नसेल तर मान वाकवून, ओढून माणसाला बाहेर काढू नये. आणि त्याला रुग्णालयात आणणाऱ्याने एक काम जरूर करावे: निघण्यापूर्वी मोबाइलवर गाडीच्या आतल्या बाजूचे दोन फोटो घ्यावेत. डॉक्टरला बॉनेटचा फोटो नको असतो. रुग्ण कुठल्या सीटवर होता, पट्टा होता का, एअरबॅग उघडली का, स्टीअरिंग वाकले आहे का, कुणी बाहेर फेकले गेले का, हे कळले तर शोध कुठून सुरू करायचा ते ठरते. स्टीअरिंग वाकलेले दिसले, तर 'मला काही झालं नाही हो, घरी जातो' म्हणणाऱ्या रुग्णालाही बसवून ठेवले जाते, त्याच्या छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी होते. पोटावर पट्ट्याचा निळसर वळ दिसला, तर आतड्याला इजा नाही ना, हे पाहण्यासाठी त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत घरी सोडत नाहीत.